धूर कोणाचा, कर कोणाला?

1 जानेवारी 2026 पासून युरोपीय संघाचा कार्बन सीमा कर पूर्णत्वाने अमलात आला. व्यापारी वर्तमानपत्रे त्यास ‘सीबॅम’ ह्या आद्याक्षरी नावाने ओळखतात. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज ह्या सहा प्रकारच्या मालासाठी, तो माल तयार करताना किती कार्बन वायू हवेत सोडला गेला ह्याचा हिशेब युरोपातील आयातदाराला यापुढे द्यावा लागेल आणि त्या हिशेबाप्रमाणे प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतील. 2026 मध्ये आलेल्या मालासाठी ह्या प्रमाणपत्रांची विक्री 2027 च्या फेब्रुवारीत सुरू व्हावयाची आहे. पैसे आयातदार भरणार असला तरी ते अखेरीस कोणाच्या किमतीतून कापले जातील, हे सांगावयास अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

ह्या करासंबंधी आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर कारखानदारांच्या संघटनांचा आणि दिल्लीतील मंत्र्यांचा. ते म्हणतात, हा हवामानाच्या आडून केलेला व्यापारी अडसर आहे. भारताच्या सार्वभौमत्वावरील आघात आहे. दुसरा सूर शहरी सुशिक्षितांचा. ते म्हणतात, युरोप निदान काही करतो आहे. आपणच धुराचे कारखाने घेऊन बसलो आहोत, तेव्हा दंड होणारच. ह्या दोन सुरांत आपल्या चळवळीतील काही सहकाऱ्यांनी पहिल्या सुरात सूर मिळविला आहे. ‘हवामान साम्राज्यवादाचा निषेध असो’ अशी घोषणा त्यांना सहजच सुचते आणि ती देताना आपण कोणाच्या शेजारी उभे आहोत इकडे त्यांचे लक्ष जात नाही. ही घोषणा निम्मी खरी आहे. उरलेला निम्मा भाग आपल्याला अडचणीचा आहे आणि तो सांगण्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम खरा भाग पाहू.

औद्योगिक क्रांतीपासून आजवर हवेत साठलेल्या कार्बन वायूचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेने सोडला आहे. ब्रिटनसह पश्चिम व मध्य युरोपाचा वाटा त्याच्या खालोखाल आहे. जगाच्या लोकसंख्येचा सहावा भाग असणाऱ्या भारताचा आजवरचा वाटा सुमारे तीन टक्के आहे. आजही दरडोई उत्सर्जन भारतात वर्षाला सुमारे 2 टन, तर अमेरिकेत ते 14 टनांच्या आसपास आहे. 1992 च्या रिओ परिषदेत ‘जबाबदारी सर्वांची, परंतु कमीअधिक’ हे तत्त्व सर्व राष्ट्रांनी मान्य केले ते ह्याच कारणाने. सीमा कराने हे तत्त्व व्यवहारात गुंडाळून ठेवले आहे. जालन्याची सळई आणि जर्मनीची सळई ह्यांना तो एकाच तराजूत तोलतो. दोन्ही देशांची दीडशे वर्षे मात्र तराजूबाहेर ठेवतो.

दुसरे असे की, युरोपाने आपली कार्बन परवान्यांची बाजारपेठ 2005 साली सुरू केली आणि तेव्हापासून आपल्या पोलाद कारखान्यांना ह्या परवान्यांचा फार मोठा भाग फुकट वाटला. हे फुकट वाटप आता हळूहळू कमी करून 2034 पर्यंत बंद व्हावयाचे आहे. म्हणजे त्यांच्या कारखानदाराला सवय होण्यासाठी जवळजवळ तीस वर्षे मिळाली. आपल्याला 2023 च्या ऑक्टोबरपासून 2025 च्या डिसेंबरपर्यंत सवादोन वर्षे मिळाली आणि तीही केवळ तक्ते भरण्यासाठी. ह्या कराचे उत्पन्न गरीब देशांना स्वच्छ तंत्रज्ञानासाठी परत द्यावे असे कोणतेही बंधन कायद्यात नाही. धूर गरीब देशाचा आणि महसूल श्रीमंत देशाचा, अशी ही वाटणी आहे.

तिसरी गोष्ट भंगाराची. जुने लोखंड वितळवून पोलाद करणे हा कमी धुराचा मार्ग आहे. खनिजापासून झोतभट्टीत पोलाद करताना टनामागे दोन टनांहून अधिक कार्बन वायू बाहेर पडतो. भंगारापासून करताना त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. तेव्हा भारताने भंगारावर अधिक पोलाद करावे असे युरोपास खरोखर वाटत असेल, तर त्याने भंगार मोकळेपणाने विकले पाहिजे. परंतु 2024 च्या नव्या नियमाने युरोपीय संघाने टाकाऊ मालाच्या निर्यातीवर कडक अटी घातल्या असून 2027 च्या मे महिन्यानंतर आपल्यासारख्या देशांना विशेष मान्यतेवाचून भंगार मिळणार नाही. एका हाताने धुराच्या पोलादावर कर बसवायचा आणि दुसऱ्या हाताने कमी धुराच्या पोलादाचा कच्चा माल रोखायचा, ह्याला पर्यावरणनिष्ठा म्हणावे काय, ह्याचा निर्णय वाचकांनीच करावा.

ह्या सर्वांहून बोलके उदाहरण 2024 च्या सप्टेंबरमधील आहे. त्या महिन्याच्या 30 तारखेला वेल्समधील पोर्ट टालबट येथील अखेरची झोतभट्टी विझविण्यात आली. योगायोगाने त्याच दिवशी ब्रिटनमधील शेवटचे कोळशावरील वीजकेंद्रही बंद झाले. तेथील वर्तमानपत्रांतून एका युगाचा अंत म्हणून पुष्कळ लिहिले गेले. पोर्ट टालबटचा कारखाना टाटांच्या मालकीचा. भट्टीच्या जागी विजेवरील भट्टी उभारण्यासाठी ब्रिटिश सरकारने 50 कोटी पौंडांचे साहाय्य देऊ केले. हजारो कामगारांच्या नोकऱ्या मात्र गेल्या. आणि भट्टी विझण्याच्या दहाच दिवस आधी, 20 सप्टेंबर रोजी, त्याच टाटा कंपनीने ओडिशातील कलिंगनगर येथे भारतातील सर्वांत मोठी झोतभट्टी पेटविली होती. कंपनीने वेल्समधील भट्टी उचलून ओडिशात नेली, असे मी म्हणत नाही. कलिंगनगरचा विस्तार आधीच ठरलेला होता. परंतु ब्रिटनच्या राष्ट्रीय खात्यातून धूर वजा झाला, भारताच्या खात्यात धूर जमा झाला आणि दोन्ही ठिकाणचा नफातोटा एकाच कंपनीच्या ताळेबंदात गेला, ही वस्तुस्थिती आहे. वायूला पारपत्र लागत नाही. हिशेब मात्र देशवार ठेवला जातो, आणि देशवार हिशेबात भांडवल कोठेच दिसत नाही.

येथे मला माझ्या स्वतःच्या धंद्याचीही थोडी झाडाझडती घेतली पाहिजे. सायमन कुझनेट्स ह्या अर्थशास्त्रज्ञाने 1955 साली उत्पन्नातील विषमतेसंबंधी एक अनुमान मांडले होते: वाढीच्या आरंभी विषमता वाढते आणि पुढे घटते. 1991 साली ग्रॉसमन आणि क्रूगर ह्यांनी अमेरिका-मेक्सिको मुक्त व्यापाराच्या संदर्भात प्रदूषणाविषयी असाच आकार दाखविला. पुढच्याच वर्षी जागतिक बँकेच्या विकास अहवालाने त्यास प्रतिष्ठा दिली. उलट्या घमेल्यासारखी ती वक्ररेषा मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढीत आलो. देश गरीब असतो तेव्हा धूर कमी, श्रीमंत होऊ लागला की धूर वाढतो आणि पुरेसा श्रीमंत झाला की धूर पुन्हा उतरतो. तेव्हा वाढ थांबवू नका, वाढच धुरावर उपाय करील, असे त्या रेषेचे तात्पर्य. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस परळीकडच्या एका विद्यार्थ्याने मला वर्गात विचारले, “सर, ज्या देशांचा धूर उतरला त्यांनी कारखाने सुधारले की दुसरीकडे पाठवले?” मी त्यास सांगितले की दोन्ही घडले असावे, आणि पुढचा मुद्दा घेतला. त्याचा प्रश्न उत्तरापेक्षा मोठा होता हे कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली.

खरे उत्तर असे आहे. ब्रिटनमधील उत्सर्जन 1990 च्या तुलनेने निम्म्याहून खाली आले आहे आणि त्याच काळात तेथील अर्थव्यवस्था बरीच वाढली. ह्यात खरी सुधारणा आहे हे मान्य केले पाहिजे. कोळशाच्या जागी नैसर्गिक वायू आणि वारा आला, ही काही बनवाबनवी नाही. परंतु तेथील माणूस जे कपडे, यंत्रे व लोखंड वापरतो ते जेथे बनते तेथील धूर त्याच्या नावावर मांडला, तर ही घट बरीच लहान दिसते. चीनने 2001 साली जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश केल्यानंतरच्या दशकात त्याच्या धुराचा मोठा हिस्सा परदेशी ग्राहकांसाठी निघत होता. 1997 च्या क्योटो कराराने धूर जेथे निघतो त्या देशाच्या नावे मांडावयाचा, अशी पद्धत रूढ केली. वस्तू वापरणाऱ्याच्या नावे तो मांडावा, ही मागणी कधीच मान्य झाली नाही.

मराठवाड्याला ही पद्धत अनोळखी नाही. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली ती औरंगाबाद-जालन्यावरून. त्या वाटेने आमचा कापूस बाहेर गेला. सरकी आणि कर्ज येथे राहिले. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त मांडला तेव्हा त्यांनी प्रथम केले ते हेच की, इंग्रजांच्या वहीतील जमाखर्च तपासून जे खाते दाखविलेच जात नव्हते ते उघड केले. डॉ. लोहियांनी 1943 साली मार्क्सची चिकित्सा करताना म्हटले होते की, भांडवलशाही आणि साम्राज्यवाद ही एकापाठोपाठ येणारी अवस्था नसून ती जन्मापासूनची जुळी आहेत. युरोपातील मजुराची वाढलेली मजुरी वसाहतीतील श्रमाच्या हिशेबावाचून समजत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. आज त्यात एवढीच भर घालावयाची की, युरोपाचे निवळलेले आकाशही त्या हिशेबावाचून समजणार नाही.

येथवर घोषणा देणारे सहकारी माझ्याशी सहमत होतील. आता ज्या भागापाशी त्यांची-माझी वाट वेगळी होते तो सांगतो.

भारताच्या धुराचा फार मोठा भाग निर्यातीसाठी निघत नाही. तो देशातच वापरल्या जाणाऱ्या विजेसाठी, सिमेंट-पोलादासाठी व वाहतुकीसाठी निघतो. 2024-25 मध्ये देशातील कोळशाचे उत्पादन 100 कोटी टनांच्या पुढे गेले. तो कोळसा युरोपच्या ग्राहकासाठी जळला नाही. तेव्हा ‘आमचा धूर तुमच्यासाठी आहे’ हा युक्तिवाद चीनने 2005 साली केला असता तर तो बऱ्याच अंशी खरा ठरला असता; आपल्या तोंडी तो थोडाच खरा आहे. उरलेल्या धुराचे काय? तो कोणासाठी? येथे सरकार आणि कारखानदार दरडोई 2 टनांचा आकडा पुढे करतात. ह्या सरासरीत मुंबईच्या मनोऱ्यातील घर, वर्षातून दहा वेळा विमानाने जाणारा व्यवस्थापक, बीड जिल्ह्यातून सहा महिने उसाच्या फडावर जाणारे कोयत्याचे जोडपे आणि मेळघाटातील पाडा हे सारे एकत्र कालवलेले असतात. गरिबाचा न निघालेला धूर श्रीमंताच्या धुराची ढाल होतो. जिनिव्हाच्या सभागृहात भारताचा प्रतिनिधी ज्या ऊसतोड बाईच्या नावाने सवलत मागतो, तिच्या खोपीत त्या सवलतीतून दिवा लागत नाही.

परळीचे उदाहरण घ्या. 1971 साली परळी वैजनाथ येथे औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला, तेव्हा मराठवाड्यात उद्योगधंद्यांचे युग आले असे आम्हा तरुणांस वाटले. मराठवाड्याचा अनुशेष हा त्या काळी आमच्या चळवळीचा प्राण होता. 1984 मध्ये दांडेकर समितीने तो आकड्यांत मांडला. गोविंदभाई श्रॉफांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्या मागणीविरुद्ध आज शब्दही काढण्याचा माझा अधिकार नाही. परंतु परळीची वीज राज्याच्या जाळ्यात गेली आणि राख परळीत राहिली. केंद्राला लागणारे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून आले. 2013 च्या दुष्काळात ते पाणी संपले आणि फेब्रुवारीत सर्व संच बंद करावे लागले. 2015 सालीही तेच घडले. त्या पाण्यावर शेती आणि गावे अवलंबून होती. राखेच्या तळ्याभोवतीच्या गावांचे शिवार पांढरे झाले आणि पुढे त्या राखेचाही व्यापार होऊन त्यातून गुंडगिरी जन्मास आली. चंद्रपूरची कथा ह्याहून मोठी: 2920 मेगावॅटचे, राज्य सरकारच्या मालकीचे सर्वांत मोठे वीजकेंद्र, सभोवती खाणी, आणि 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत त्याची केलेली गणना. पोर्ट टालबट आणि कलिंगनगर ह्यांच्यात जे नाते आहे, तेच मुंबई आणि चंद्रपूर ह्यांच्यात आहे. पहिल्यास साम्राज्यवाद म्हणायचे आणि दुसऱ्यास विकास, हे समाजवाद्याला शोभत नाही.

आता जालन्याकडे वळू. कारण घोषणेची कसोटी तेथेच लागते. जालना हे सळयांचे गाव. तेथील भट्ट्या विजेवर चालतात. त्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून कांड्या आणि त्यांपासून बांधकामाच्या सळया होतात. भंगाराचा एक टन वितळविण्यास अंदाजे 600 युनिट वीज लागते. आपल्या जाळ्यातील एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोहून थोडा अधिक कार्बन वायू निघतो. म्हणजे टनामागे सव्वाचारशे ते साडेचारशे किलो. हा वायू जालन्यात दिसत नाही. तो चंद्रपूर-परळीच्या धुराड्यांतून निघतो. आता युरोपाच्या नियमातील खुबी पाहा. सिमेंट आणि खतांच्या बाबतीत विजेसाठी झालेला धूर तो मोजतो. पोलादाच्या बाबतीत मोजत नाही. भट्टीच्या दारात निघालेला तेवढाच धूर हिशेबात येतो. कारण युरोप आपल्या पोलाद कारखान्यांना वाढलेल्या वीजदराची भरपाई देतो. तेव्हा परक्यावर तो आकार लावणे त्यास अडचणीचे. ह्याचा अर्थ असा की, भंगारापासून केलेली सळई उद्या युरोपात गेली तर ती कागदोपत्री जवळजवळ स्वच्छ ठरेल आणि चंद्रपूरकरांच्या फुप्फुसांचे खाते ब्रुसेल्सच्या वहीत उघडलेच जाणार नाही.

म्हणून सांगतो: हा कर आमच्यावर अन्याय करतो हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, जो धूर आमच्या माणसांना मारतो तो हा कर पाहतही नाही. त्याच्या विरोधात सारी शक्ती वेचून आपण चंद्रपूर-परळीच्या एकाही माणसाचे रक्षण करणार नाही. आणि जालन्याच्या भट्टीवर जो कंत्राटी कामगार उभा असतो, बहुधा बिहार वा उत्तर प्रदेशातून आलेला, त्याच्या अंगावर उसळणाऱ्या रसाचा प्रश्न ह्या सार्वभौमत्वाच्या चर्चेत कोणी काढीत नाही. मालकाच्या निर्यातीसाठी घोषणा देणाऱ्यांनी आधी कामगाराच्या अंगावरील कपड्यांची चौकशी करावी.

ह्यावर एक आक्षेप येईल: मग काय वाढ थांबवावयाची? युरोपातील काही विचारवंत आज अर्थव्यवस्था आकसण्याची भाषा बोलतात. त्यांच्या देशांपुरती ती विचारार्ह आहे. मराठवाड्यात ती बोलणे ही क्रूर थट्टा होईल. ज्या शहरात आशियातील वेगाने वाढणारे शहर म्हणून पाठ थोपटून घेतली गेली आणि जेथे जायकवाडी उशाशी असताना वर्षानुवर्षे नळाला कित्येक दिवसांआड पाणी आले, तेथे अजून पुष्कळ पोलाद, पुष्कळ नळ आणि पुष्कळ वीज लागणार आहे. प्रश्न वाढीच्या आकड्याचा नाही; ती वाढ कशाची आणि कोणासाठी हा आहे.

तो आकड्यांनीच समजून घेऊ. जपानी अभ्यासक योइची काया ह्यांनी दिलेले एक साधे सूत्र आहे. एकूण धूर म्हणजे लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या एका रुपयामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या एका मात्रेमागे निघणारा कार्बन, ह्या चार संख्यांचा गुणाकार. समजा, अर्थव्यवस्था वर्षाला 7 टक्क्यांनी वाढली, रुपयामागची ऊर्जा 3 टक्क्यांनी घटली आणि ऊर्जेतील कार्बन 1 टक्क्याने घटला. तरीही धूर वर्षाला सुमारे पावणेतीन टक्क्यांनी वाढतो आणि पंचवीस वर्षांत जवळजवळ दुप्पट होतो. केवळ काटकसरीच्या यंत्रांनी हे जमणार नाही. विल्यम जेव्हन्सने 1865 साली ब्रिटिश कोळशासंबंधी दाखवून दिले होते की, यंत्र काटकसरी झाले म्हणजे कोळसा स्वस्त पडतो आणि एकूण खप वाढतो. म्हणून चौथ्या संख्येला, म्हणजे ऊर्जेच्या जातीला, हात घालावा लागतो. 2025 च्या जूनमध्ये देशातील वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेल-वायूविरहित झाली, असे सरकारने अभिमानाने सांगितले. अभिमान योग्य आहे. परंतु प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचाच वाटा 70 टक्क्यांच्या वर राहिला होता, हे त्याच दमात सांगावयास हवे होते.

ही ऊर्जेची जात बदलण्यास पैसा लागतो आणि तो कोठून आणावयाचा, असे आपणास विचारले जाते. तो आपल्याजवळ होता. 2010 साली केंद्राने कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसविला. 2016 पर्यंत तो 400 रुपये झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून 2017-18 पर्यंत त्यातून सुमारे 86,000 कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी स्वच्छ ऊर्जा निधीत 30,000 कोटींहूनही कमी गेले आणि प्रकल्पांवर सुमारे 16,000 कोटी लागले. उरलेला पैसा सरकारी खर्चाच्या समुद्रात मिसळला. 2017 मध्ये तो उपकर वस्तू व सेवा कराच्या भरपाईकडे वळविण्यात आला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो रद्द होऊन कोळशावरील कर 18 टक्के झाला; त्यात स्वच्छ ऊर्जेचे नावही नाही. 100 कोटी टन कोळशावर 400 रुपयांनी वर्षाला 40,000 कोटी होतात. खाणीशेजारच्या आणि राखेच्या तळ्याशेजारच्या माणसांचा हा पैसा होता. युरोपाने एक युरो घेण्यापूर्वी आपल्याच सरकारने तो घेतला आहे.

आणि येथेच ह्या प्रश्नाची किल्ली आहे. युरोपीय कायद्यात अशी तरतूद आहे की, माल जेथे बनला तेथे कार्बनची किंमत प्रत्यक्ष भरलेली असेल तर तेवढी रक्कम सीमा करातून वजा होते. भारतीय पोलादात टनामागे सरासरी अडीच टन कार्बन वायू निघतो. टनाला 70 युरो हा दर धरला, तर फुकट परवाने संपल्यानंतर टनभर पोलादावर 175 युरो होतात. हे पैसे ब्रुसेल्सच्या तिजोरीत जाऊ द्यावयाचे की येथेच वसूल करून येथेच लावावयाचे, हा खरा प्रश्न आहे. कारखानदारांच्या संघटना सीमा कराला साम्राज्यवाद म्हणतात. परंतु देशातील कार्बन कराचे नाव काढताच त्यांचा देशाभिमान ओसरतो. केंद्राने 2023 मध्ये कार्बन पतव्यापाराची योजना अधिसूचित केली आहे. ती परवान्यांचा आणखी एक सट्टाबाजार होणार की कामगार व ग्रामस्थांच्या हक्काचा निधी होणार, हे आपण काय मागतो ह्यावर अवलंबून आहे.

माझ्या मते आपण चार गोष्टी मागाव्यात.

एक, आंतरराष्ट्रीय हिशेब वस्तू वापरणाऱ्याच्या नावे मांडला जावा आणि सीमा करातून येणारा पैसा ज्या देशांतून माल आला त्यांना परत मिळावा. ही मागणी आपली सरकारे करतील. परंतु ती करताना त्यांनी देशातील हिशेबही त्याच पद्धतीने, वर्गवार आणि जिल्हावार, प्रसिद्ध करावा असा आग्रह आपण धरावा.

दोन, कोळशावरील उपकर पुन्हा लावून तो कायद्याने बांधलेल्या निधीत जावा. त्याचा निश्चित वाटा चंद्रपूर, परळी, कोराडी, भुसावळ ह्यांसारख्या वीजकेंद्रांच्या परिसरास मिळावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा. जुना संच बंद करण्यापूर्वी तेथील कायम आणि कंत्राटी अशा दोन्ही कामगारांची व्यवस्था झालीच पाहिजे. पोर्ट टालबटच्या कामगारावर जी वेळ आली ती परळीच्या कामगारावर येऊ नये. त्या दोघांना एकमेकांचे शत्रू ठरविणारी घोषणा आपली असू शकत नाही.

तीन, सूर्याची वीज प्रथम शेताला दिवसा मिळावी. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन साप-विंचवांतून दारे धरणारा शेतकरी हा राज्याच्या वीजव्यवस्थेवरील सर्वांत जुना आरोप आहे. 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. परंतु वीज फुकट देण्याइतकेच ती दिवसा देणे महत्त्वाचे आहे.

चार, शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक नगरीत किंवा जालन्यात ज्या उद्योगास जमीन, पाणी आणि वीजदरात सवलत मिळते, त्याने आपले पाणी, वीज, धूर आणि कामगारांचे अपघात ह्यांचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत. युरोपातील ग्राहकासाठी कारखाने हे तक्ते भरतच आहेत. जो हिशेब ब्रुसेल्सला देता येतो तो बिडकीनच्या ग्रामस्थास का देता येऊ नये?

शेवटी कार्यकर्त्यांस एक आठवण. दाभोळला एन्रॉनचा प्रकल्प आला, तेव्हा विजेच्या मागणीचे फुगविलेले अंदाज दाखवून विकासाच्या नावाने तो करार गळी उतरविण्यात आला होता. मृणालताई गोरे आणि इतरांनी जेव्हा विरोध केला, तेव्हा त्यांनी केवळ परदेशी कंपनी म्हणून आरोळी ठोकली नाही. युनिटचा दर, मागणीचा अंदाज आणि मंडळावर पडणारा बोजा ह्यांचा हिशेब लोकांपुढे मांडला. 2001 साली मंडळाने ती वीज घेणे थांबविले, तेव्हा तो हिशेब खरा ठरला होता. आज पुन्हा तेच काम आहे. मराठवाड्याने 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी येताना पाहिले आणि 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने उभी पिके मातीसह वाहून जाताना पाहिली. एखाद्या विशिष्ट पुराचे खापर कार्बनवर फोडता येत नाही; परंतु तापलेल्या हवेत पाऊस अधिक बेभरवशाचा आणि अधिक झोडपणारा होतो, हे शास्त्र सांगते. ह्या धुराचे बिल सर्वांत आधी कोरडवाहू शेतकऱ्याकडे आले आहे आणि ते त्याने पीक गमावून चुकते केले आहे.

येत्या महिन्यांत सीमा कराविरुद्ध मोर्चे निघतील, परिषदा होतील आणि आपणास व्यासपीठावर बोलावणे येईल. जावे. परंतु बोलावणाऱ्यास व्यासपीठावरूनच विचारावे: कोळशाच्या उपकराचे पैसे कोठे गेले, भट्टीवरच्या कामगाराचा विमा कोणी उतरविला आणि परळीची राख कोणाच्या अंगणात पडते? ह्या प्रश्नांची उत्तरे देण्याची तयारी असलेल्या माणसाबरोबर युरोपाविरुद्ध लढण्यास आपली ना नाही.